माजी नव्हे, माझी

३ सप्टेंबर

सूनबाईने ही वही विमानतळावरच हातात ठेवली आणि वर अटही घातली. "आई, रोजचं लिहायचं नाही. जे दिवस आवडले तेवढेच लिहायचे. नाहीतर पहिल्या पानापासून गुडघे आणि पोट साफ होण्याचा इतिहास सुरू होईल." तिचं म्हणणं खोटं नाही. तेव्हा गुडघ्यांबद्दल लिहीत नाही. दुसऱ्या विषयाबद्दल तर नाहीच.

आजचा दिवस आवडला. अंग आंबलंय, पायांना सूज आहे, तरी आवडला. खोलीत दोन खाटा, मध्ये मोठी खिडकी आणि खिडकीखाली सायकलींचं दुकान. दुकानाची मालकीण तीच घराची मालकीण. ताडमाड बाई, हात कोपरापर्यंत वंगणाने काळे. आमच्या दोन्ही बॅगा तिने एकेका हातात उचलल्या आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर नेल्या. वय माझ्याएवढंच असेल. मी मागून कठडा धरून देवाचं नाव घेत.

आम्ही दोघी कोण ते लिहून ठेवते. वही उद्या कुणाच्या हाती लागली तर गोंधळ नको. मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आता वय एकोणसत्तर, हे जाऊन आठ वर्षं झाली. ती माझ्या मुलाची बायको होती. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, वर्षभरात तिला नेणार होता. दोन वर्षांनी नेण्याऐवजी घटस्फोटाचे कागद आले. तिकडे दुसरी कुणी होती. त्याला आता चार वर्षं होतील. त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. मुलाचा फोन उचलणं बंद केलं, आणि सुनेला म्हटलं, बॅग भरायची नाही, हे घर तुझं आहे. मुलगा टाकला आणि सून ठेवली, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. म्हणोत. खरंच आहे ते.

तो कुठल्या देशात असतो मला ठाऊक नाही. मध्ये नोकरी बदलली म्हणे. एक नातेवाईक त्याची बातमी सांगायला आले होते. त्यांना मी चहाही न विचारता वाटेला लावलं.

सूनबाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. माझ्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची, त्यामुळे तिच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही. दहा वर्षांच्या नोकरीनंतर तिला तीन महिन्यांची रजा मिळाली. म्हणाली, "आई, जग बघून येऊ." मी म्हटलं, "चल." प्रवासाचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाने नात्याच्या रकान्यात 'माजी सून' लिहिलं होतं. मी म्हटलं, "माजी नव्हे, माझी." तो म्हणाला, "आजी, कायद्याने बघायला गेलं तर..." मी म्हटलं, "तुमच्या कायद्याला ज आणि झ मधला फरक कळत नसेल तर मी काय करू?"

६ सप्टेंबर

आज मी एकटी जाऊन पाव आणला.

लिहिताना एवढंसं वाटतं. पण कोपऱ्यावरच्या भट्टीपर्यंत दोन रस्ते ओलांडावे लागतात. दुसऱ्या रस्त्यावर दिवा हिरवा झाला तरी मी उभीच राहिले, कारण माझा गाड्यांवर विश्वास नाही. तो लाल झाला, परत हिरवा झाला. तिसऱ्यांदा एका माणसाने गाडी थांबवून काच खाली केली आणि हाताने मला 'या, या' केलं. पाहुणीला घरात बोलवावं तसं. मी गेले.

भट्टीत बोट दाखवून पाव घेतला. भट्टीवाल्याने काहीतरी विचारलं, मी 'हो' म्हटलं, तर त्याने पावाचे काप करून दिले. नको होते. पण आपण 'हो' म्हटलं की निभवायचं.

परत येईपर्यंत सूनबाई खिडकीत उभी. मला वाटलं वाट बघत्येय काळजीने. पण ती फोनवर होती, मला बघून घाईने आत वळली. लॅबचा फोन होता म्हणाली. बिचारीला रजेवरही चैन नाही. माझ्या कानाला खोटं लगेच कळतं. नुसत्या 'हॅलो'वरून मी सांगायचे की पलीकडे बातमी चांगली आहे की वाईट. ही लॅबवाल्यांशी फार मवाळ बोलते. आजारी माणसाची समजूत काढावी तसं. मी तिला म्हटलं, "एवढं नरम राहायचं नाही कामाच्या ठिकाणी. डोक्यावर बसतात." ती म्हणाली, "बरं, आई."

१० सप्टेंबर

सायकलवालीने चहाला बोलावलं होतं. (मी तिला सायकलवालीच म्हणते, तिचं नाव माझ्या कवळीतून नीट निघत नाही.) दुकानामागे तिचं स्वयंपाकघर. टेबलावर एका बाजूला कप, दुसऱ्या बाजूला सुटी केलेली चेन रॉकेलसारख्या कशात तरी भिजत ठेवलेली. तिला ना आपली भाषा येते, ना मला तिची. सूनबाईने इथे यायच्या आधी वर्षभर ही भाषा शिकून घेतली. तेव्हा मी हसले होते, म्हटलं, तीन महिन्यांसाठी वर्षभर अभ्यास?

सायकलवालीने विचारलं, मुलं किती? सूनबाईने प्रश्न मला आपल्या भाषेत सांगितला. मग मीही सांगितलं. सगळं. तो कसा गेला, कागद कसे आले, सुनेचा हात धरून मी कशी दारात उभी राहिले, माझ्या बहिणीने 'रक्ताचं ते रक्ताचं' म्हटल्यावर मी तिला काय ऐकवलं. पाच मिनिटं तरी बोलत होते. ही गोष्ट सांगताना मी नेहमी एकाच ठिकाणी थांबून चष्मा पुसते, तसा पुसला.

सूनबाईने सगळं ऐकलं आणि मोजून दोन वाक्यांत भाषांतर उरकलं.

मी म्हटलं, "अगं, एवढ्यात झालं?"

"या भाषेत थोडक्यात सांगता येतं, आई."

पण परिणाम झाला खरा. सायकलवालीचे डोळे भरून आले. तिने वंगणाचा हात पुसला, माझ्या हातावर ठेवला, आणि मान हलवत राहिली. परक्या देशातसुद्धा माणसाला माणसाचं कळतं. सूनबाई मात्र उठून कप विसळायला लागली. नळ चांगला तीन-चार मिनिटं सोडून ठेवला होता. तिला या गोष्टीचा अजून त्रास होतो. होणारच.

१४ सप्टेंबर

आतापर्यंतचा सगळ्यात मोठा दिवस. होडी!

गावाबाहेर तळं आहे, तिथे वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात. मी एका बाजूला वल्हं धरलं, तिने दुसऱ्या. ती जोर लावायची, मी नुसतं पाणी ढवळायचे, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल गोल. काठावर बसलेले लोक बघून टाळ्या वाजवायला लागले. सूनबाई हसत सुटली. हसता हसता वल्हं सोडलं, ते निघालं पाण्यावरून. ते पकडायला मी वाकले, तर तिने माझा कोट मागून धरला आणि ओरडली, "आई, कवळी सांभाळा!" तिला असं हसताना मी किती वर्षांनी बघितलं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

काठावर पाठीला मोठाल्या पिशव्या लावलेली पाच-सहा बायामाणसं डबे उघडून बसली होती. डोंगरातून चालत निघालेली. सूनबाई त्यांच्याशी बोलत राहिली. त्यांनी नकाशा पसरला, ती गुडघ्यांवर बसून त्यावरून बोट फिरवत होती. मला म्हणाली, "आई, अकरा दिवसांची वाट आहे. रोज नव्या ठिकाणी मुक्काम. आपण पुढे जाणार आहोत ना, अगदी त्या समुद्राजवळच्या शहरातूनच सुरू होते."

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना आधी विचार." (हा उल्लेख धरायचा नाही.)

ती हसली. त्यांनी देऊ केलेला नकाशा घडी घालून पिशवीत टाकला.

परतताना ती एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरली. "आई, दीड वर्षाच्या मुलीचं पाऊल केवढं असतं हो?" मी हातावर माप दाखवलं. तिने बोटभर लांबीचे लाल बूट घेतले. लॅबमधल्या मैत्रिणीच्या मुलीला. मी म्हटलं, "अगं, आपण परत जाईपर्यंत तिचं पाऊल वाढेल." ती बूट तळहातावर ठेवून बघत बसली. हिलाही मूल झालं असतं आतापर्यंत. त्या शहाण्याने काय काय घालवलं याचा त्याला पत्ता नाही.

१७ सप्टेंबर

पंक्चर काढायला शिकले. सायकलवाली शिकवते. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, तिथे घासायचं, चिकटवायचं, दाबून धरायचं. मला घाई. मी तीनदा लवकर सोडलं, तीनदा सुटलं. ती दरवेळी माझा अंगठा धरून परत दाबायची. चौथ्यांदा जमलं. त्या ट्यूबची सायकल न्यायला आलेल्या पोस्टमनला तिने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, तर त्याने टोपी काढून मला नमस्कारासारखं केलं. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामासाठी मान लववली.

२१ सप्टेंबर

हा दिवस आवडलेला नाही. अट मोडून लिहितेय. वही माझी आहे.

काल दुपारी सूनबाई पुढच्या मुक्कामाची तिकिटं काढायला गेली होती. मी दुकानात ट्यूबा घेऊन बसले होते. सायकलवालीच्या भाच्याने तिला फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. ती तिच्या भाषेत बोलते आणि फोन आपल्या भाषेत बोलतो. ती खुशीत येऊन माझ्यापुढे स्टूल ओढून बसली. फोनमधली बाई म्हणाली, "आपल्या नातीस भेटण्याचा आपणास किती हर्ष होत आहे?"

मला हसू आलं. यंत्र ते यंत्र. मी सावकाश, एकेक शब्द तोडून म्हटलं, "मला नात नाही."

फोनने सांगितलं. सायकलवाली हसली, माझ्या दंडावर थोपटलं, परत बोलली. "आपल्या कन्येने मला सांगितले. समुद्राचे शहर. आपला पुत्र तेथे राहतो. लहान मुलगी, अठरा महिने. आपण महिनाअखेरीस जात आहात. मी अत्यंत आनंदी आहे."

आणि हाताने जमिनीपासून एवढी उंची दाखवली.

ट्यूब माझ्या हातातच होती. कानात नुसती घरघर, लाइन खराब असली की यायची तशी. तरी मी एक प्रश्न विचारला. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलंय, अर्धवट सोडवत नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मी चहाच्या वेळी एवढं सांगितलं. ते माझ्या कन्येने तुम्हाला काय सांगितलं?"

सायकलवालीने आठवून सांगितलं. फोन म्हणाला, "आपला मुलगा दूर आहे. आपणास त्याची फार आठवण येते."

मी उठून वर आले.

सूनबाई साडेपाचला आली. हातात तिकिटं होती. माझं तोंड बघून दारातच थांबली.

"कधीपासून बोलतेस त्याच्याशी?"

तिने 'कुणाशी' असं विचारलं नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते. तिकिटं टेबलावर ठेवली, कोट काढला. "मुलगी झाली तेव्हापासून. त्याने आधी तुम्हालाच फोन केला होता. चार दिवस करत होता. तुम्ही उचलला नाही, मग मला केला. रडत होता, आई."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"पहिल्यांदा ठेवून दिला. दुसऱ्यांदा ऐकला."

"लाज नाही वाटली? तुझा एवढा अपमान केला त्याने!"

"माझा केला ना? मग तो कधी विसरायचा ते मला ठरवू द्या."

"तुझ्यासाठी पोटचा मुलगा टाकला मी!"

"मी सांगितलं होतं?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाटेच्या कडेवर बसून ती हातावरचं घड्याळ काढत-घालत होती. "तुम्ही मला ठेवून घेतलंत ते मी जन्मात विसरणार नाही. पण आई, माझा राग दोन वर्षांपूर्वीच संपला. तुमचाच मी सांभाळत बसलेय. भाजीवाली, डोळ्यांचे डॉक्टर, माझ्या लॅबचे साहेब... सगळ्यांना तुम्ही सांगता, ही माझी सून, हिला माझ्या मुलाने टाकलं. दरवेळी मी तिथे शेजारी उभी असते. दरवेळी नव्याने टाकली जाते."

माणसाला काही सुचलं नाही की तो सगळ्यात वाईट बोलतो. मी म्हटलं, "एवढं होतं तर जायचंस. तुला कुणी अडवलं होतं?"

ती म्हणाली, "तुम्ही."

आणि धुवायचे कपडे गोळा करून खाली गेली.

२४ सप्टेंबर

आवडलेला नाही. पण कुणाशी बोलू? वहीशिवाय आहे कोण.

चार दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. "चहा?" "हो." "गोळी घेतलीत?" "घेतली." ती माझ्या गोळ्या रोज तशाच काढून ठेवते, सकाळची डावीकडे, संध्याकाळची उजवीकडे. रागाने एकदा तरी चुकवेल असं वाटलं होतं.

दुपारी दुकानात बसते. सायकलवालीला कळलंय काहीतरी बिनसलंय. तिने फोन बाजूला ठेवून दिला आणि माझ्यापुढे पंक्चर झालेल्या ट्यूबांचा ढीग ओतला. शहाणी बाई.

खरं लिहायचं तर खरं लिहावं. कागद आले त्या दिवशी मी सुनेला बॅग भरू दिली नाही, ते तिची दया आली म्हणून का? दया होती. पण ती गेली असती तर त्या घरात मी आणि भिंती. ह्यांना जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. ती संध्याकाळी सात वाजता कुलूप उघडायची त्या आवाजासाठी मी पाचपासून कान लावून बसायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलाला टाकलं हे मात्र जगाला सांगितलं.

एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवायचे, दोन्ही बाजू बोलायला लागल्या की आपण लाइनमधून बाहेर पडायचं. ऐकत बसायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. दोनच मुली मी यासाठी कामावरून काढायला लावल्या होत्या.

आणि त्या दोन वाक्यांचं भाषांतर. तीन दिवस तिच्यावर चिडले होते की खोटं सांगितलं. आज ट्यूब पाण्यात धरलेली असताना मनात आलं, खोटं कुठलं त्यात? हात तसाच पाण्यात राहिला. सायकलवाली बघत होती. मी तिला खुणेने सांगितलं, डोळ्यांत वंगण गेलं.

२६ सप्टेंबर

आज तोंड उघडलं. कवळी असो वा नसो.

सकाळी ती इस्त्री करत होती. मी म्हटलं, "तळ्यावर तुला त्या बायांनी नकाशा दिला होता. तो कुठे आहे?"

"कुठला?"

"अकरा दिवसांचा."

"बॅगेत आहे." इस्त्री उभी करून ठेवली तिने. "का?"

"तुला चालत जायचंय ते."

ती इस्त्रीची वायर सरळ करायला लागली.

"अगं, हो की नाही? बत्तीस वर्षं मी लोकांना आवाजावरून ओळखत आले, आणि घरातलं माणूस ओळखता येईना. आता तूच सांग."

"जायचंय," ती म्हणाली. मग एकदम, एका दमात, "एकटीने जायचंय. माहेरून सासरी आले, सासरी तुमच्याबरोबर राहिले. एक दिवससुद्धा एकटी कुठे राहिले नाही मी. छत्तिसावं सरेल आता. मला बघायचंय, मी एकटी असले की कशी असते."

"आणि मला त्याच्या गळ्यात घालून जाणार होतीस."

"नाही. तुम्हाला समुद्र दाखवणार होते. तिथे पोचल्यावर विचारणार होते. तुम्ही नाही म्हटलं असतं तर समुद्र बघून पुढे गेलो असतो दोघी. त्यालाही तसंच सांगितलंय, की आशा धरू नकोस."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई नुसती लांबून दिसली तरी चालेल."

मी खिडकीशी गेले. खाली सायकलवाली एका चाकाच्या तारा ताणत होती. तार ताणायची, बोटाने वाजवून बघायची, परत ताणायची. माझी पाठ सूनबाईकडे होती ते बरं होतं.

"त्याची बायको कशी आहे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तिच्याशी कशाला बोलू?" ती जरा हसली. "तुमच्याबद्दल मात्र तिला सगळं माहीत आहे. भाषा शिकतेय म्हणे आपली. तुम्ही तिला खाऊन टाकाल याची भीती वाटते तिला."

"वाटू दे. थोडी बरी असते. तू येशील त्यांच्या घरी?"

"नाही, आई. राग नाही, पण हौसही नाही."

"आणि अकरा दिवसांनी?"

"अकरा दिवसांनी तुम्हाला घ्यायला येते. दोन महिने बाकी आहेत अजून. तुम्ही माझ्याबरोबर आला आहात, त्याच्याबरोबर नाही."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. चुकलं माझं, असं काहीतरी. त्याऐवजी म्हटलं, "ती कॉलर जळेल बघ." इस्त्री उभीच होती, कॉलर जळण्याचा काही प्रश्न नव्हता. ती म्हणाली, "हो, आई." आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लावून आम्ही खालचं चाक बघत होतो. मग मी म्हटलं. तेही म्हटलं. काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

बूट आज माझ्या बॅगेत ठेवले. आवडलेल्या दिवसांत हा धरायचा.

२८ सप्टेंबर

सायकलवालीचा निरोप घेतला. तिने फोनमधून एक लांबलचक भाषण केलं, त्यात 'आपले अंगठे अतिशय उत्तम आहेत' एवढं कळलं. मग फोन खिशात टाकून तिने मला मिठी मारली. वंगणाचा डाग कोटावर पडलाय. राहू दे.

गाडी सुटल्यावर मी सूनबाईला म्हटलं, "शेजारी बसलेल्या बाईने आपण कोण विचारलं तर तू सांग. तुला हवं ते सांग. मी गप्प बसेन."

ती म्हणाली, "बघू किती वेळ जमतं."

शेजारच्या बाईने सबंध प्रवासात काही विचारलंच नाही. मला इतकं जड गेलं!

३० सप्टेंबर, दुपार

एका बाकावर बसून लिहितेय. तो समोर पाणी आणायला गेलाय. विसरायच्या आत लिहिते.

डोंगराकडे जाणारी बस सकाळी साडेदहाची होती. ठरलं होतं ते असं: बसथांब्यावर मी सूनबाईला निरोप द्यायचा आणि तो रस्त्याच्या पलीकडे, छापखान्याच्या पायरीपाशी उभा राहायचा. ती जाईपर्यंत अलीकडे यायचं नाही. तिने सांगितलं होतं तसं.

आम्ही पोचलो तेव्हा तो तिथे होताच. मी एकदाच बघितलं. पुढचे केस गेलेत. ह्यांचे त्या वयात होते.

सूनबाईच्या पाठीवर तिच्या डोक्यापेक्षा उंच पिशवी. मी पट्टे ओढून बघितले, बूट बघितले, पाणी विचारलं, गोळ्या विचारल्या. ती म्हणाली, "गोळ्या तुमच्या आहेत, आई. माझ्या नाहीत." तिने गोळ्यांचा अकरा दिवसांचा डबा माझ्या हातात दिला. मग पलीकडे बघितलं, पहिल्यांदाच. तोही बघत होता. त्याने हात अर्धा वर केला आणि मध्येच ठेवून दिला. तिने मान हलवली, इतकीच, जिन्यात शेजाऱ्याला ओळख द्यावी तेवढी. आणि वळली.

बस आली. तिने मला घट्ट धरलं. पिशवीमुळे माझे हात तिच्या पाठीवर पोचेनात, ते मी दंडांवर ठेवले.

"रोज फोन करीन," ती म्हणाली.

"नको करूस. करावासा वाटला तर कर."

ती चढली. मला वाटलं खिडकीशी बसेल माझ्या बाजूच्या. ती पलीकडच्या बाजूला बसली, शेजारी कुणीतरी होतं, त्यांना काहीतरी विचारून हसली. बस निघाली तेव्हा तिचं तोंड पुढे होतं. मागे वळून नाही बघितलं. मी हात वर करून ठेवला होता, तो तसाच राहिला. बोचलं. लिहूनच ठेवते, बोचलं. मग वाटलं, मागे बघत गेली असती तर अकरा दिवस माझीच काळजी वाहिली असती पाठीवर त्या पिशवीबरोबर.

रस्ता ओलांडायचा होता. दिवा हिरवा होता. तो पलीकडून घाईने निघाला, मी हातानेच थांब म्हटलं. मला माझ्या पायाने जायचं होतं. पन्नासेक पावलं असतील. चार वर्षं मनात एक वाक्य घोळवून ठेवलं होतं, त्याला समोर बघितला की तोंडावर मारायचं म्हणून. धार लावून लावून ठेवलेलं. रस्त्याच्या मध्यावर ते शोधलं तर सापडेना. निम्मं आठवलं, निम्मं नाही.

त्याच्यापुढे उभी राहिले. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग बॅगेकडे. शेवटी म्हणाला, "आई, बॅग दे."

"जड नाहीये," मी म्हटलं. जड होती.

"दे ना."

दिली नाही. दोन बंदांची बॅग आहे. एक बंद दिला.

आम्ही चालायला लागलो. त्याची पावलं मोठी, माझी लहान. बॅग मध्ये हेलकावे खात त्याच्या गुडघ्यावर आपटायची, मग त्याने पावलं लहान केली. छापखान्यातून यंत्राची खटखट येत होती, समोरून एक ट्रक गेला, कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

मी विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवलंत?"

त्याने सांगितलं.

पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय? ट्रकमुळे ऐकू नाही आलं. परत सांग."